चौथ्या चौकटीतले तारे

"तुझे तारे रांगेत उभे आहेत रे," टोपी म्हणाला. "शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात ना, अगदी तशी." आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होत त्याने एक कागद पुढे सरकवला. सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचं रंगकाम चाललं होतं आणि दोरीला बांधलेला रंगाचा डबा मधूनच वर जात होता. टोपी हा संशोधनसंस्थेतला त्याचा पंचवीस वर्षांपासूनचा शेजारी. त्याच्या खुर्चीच्या बरोब्बर वर वातानुकूलनाचं तोंड होतं, त्याबद्दलची तक्रार अकरा वर्षं विचाराधीन होती, म्हणून तो बारा महिने डोक्यावर लोकरी टोपी घालून बसे. टोपीने पुढे केलेला कागद त्याने सहज म्हणून उचलला. नव्या मोठ्या दुर्बिणीतून घेतलेली ठेंगीची चित्रं परवाच हाती आली होती. टोपीने नवी यादी आणि एकोणीस वर्षांपूर्वीची जुनी यादी शेजारी ठेवून दोन्हींत असलेले तारे वगळून टाकले होते. जुन्या यादीत होते पण नव्यात नाहीत, एवढेच ठिपके कागदावर उरले होते. असे थोडे उरतातच, कचरा असतो, डाग असतात. पण हे दोनेकशे ठिपके होते, सगळे चित्राच्या चार चौकटींपैकी चौथ्या चौकटीत, आणि सारख्या अंतरावर, तिरक्या, सरळ रांगांमध्ये. "आलेख काढताना काहीतरी गफलत झालेली दिसते माझी," टोपी म्हणाला. "आकाशात कोण कशाला रांग लावतंय!" त्यावर हसायला हवं होतं आणि तो हसलासुद्धा. पण त्याला त्या क्षणीच कळलं होतं. रांगा मुद्दाम तिरक्या धरायच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या उभ्या-आडव्या रेघांत मिसळत नाहीत, ही युक्ती या जगात त्याला माहीत असलेल्या एकाच माणसाची होती.

ठेंगी म्हणजे एक खुजी दीर्घिका. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे या धंद्यात अगदी भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. कागदोपत्री तिला अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक क्रमांक होता, पण धाकटीने पहिल्याच आठवड्यात तिला ठेंगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. धाकटी म्हणजे त्याची बहीण. त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, त्याच्यामागोमाग त्याच विषयात आलेली, त्याच्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर शिकाऊ म्हणून बसणारी. ठेंगीतला एकेक तारा वेगळा काढायचा, त्याचं तेज मोजायचं, रंग मोजायचा आणि आलेखावर त्याचा ठिपका मांडायचा, एवढंच काम. पण तसे लाखभर ठिपके मांडले की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून त्या घरात कोणत्या वयाची किती माणसं राहतात ते सांगावं, तसं त्या दीर्घिकेत कोणत्या काळात किती तारे जन्मले ते सांगता येतं. ठेंगीची गोष्ट आधी सगळ्यांसारखीच निघाली होती. बारा अब्ज वर्षांपूर्वी भरपूर तारे झाले, मग हळूहळू वायू संपत आला, आणि मग अब्जावधी वर्षं जवळजवळ काहीच नाही. म्हातारी, लालसर, थंडावलेली. आणि मग एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी त्याच्या आलेखाच्या निळ्या बाजूला एकदम ठिपक्यांची दाटी उमटली. अवघ्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे, निळसर पांढरे, तरणेबांड तारे. सगळं संपलं असं ज्याच्याबद्दल सगळ्यांनी धरून चाललं होतं तिथे पुन्हा सुरू झालं होतं. त्याने त्याला 'उशिराचा बहर' म्हटलं. त्या दोन शब्दांवर त्याची नोकरी पक्की झाली, बढत्या झाल्या, व्याख्यानं झाली. व्याख्यानाच्या शेवटी तो ठेंगीचं चित्र पडद्यावर ठेवून क्षणभर गप्प राहायचा आणि मग म्हणायचा, "कोणाचंही संपलं असं लवकर म्हणू नये." श्रोत्यांतल्या निवृत्त मंडळींच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरं सांगायचं तर कधी कधी त्याच्याही यायचं.

टोपी गेल्यावर तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. खाली जाऊन जुन्या फायली पाहायला दहा मिनिटं लागली असती, पण पाहिलं की कळणार, आणि कळलं की काहीतरी करावं लागणार. ही टाळाटाळ त्याला नवी नव्हती. ती त्याने एकोणीस वर्षं, तशी ती आहे हे स्वतःला न सांगता, उत्तम रीतीने सांभाळली होती. शंका कधी आलीच नव्हती असं नाही. शंका यायची, दारात उभी राहायची, आणि हा तिला बस म्हणायचा नाही, इतकंच. मग ती आपली आपण निघून जायची. आज मात्र ती टोपी घालून, चहाचा कप हातात घेऊन आत येऊन बसली होती.

त्यांच्या घरात चुकीला फार मोठा मान होता. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि घरी आल्यावरही त्यांचे डोळे तेच काम करत. औषधाच्या वेष्टणावर, दुकानाच्या पाटीवर, लग्नाच्या निमंत्रणावर त्यांना चूक दिसली की ते पेन्सिलीने समासात खूण करून ठेवत, पाटी असेल तर मनातल्या मनात. काम अंगावर पडलं की ते मजकूर घरी आणत आणि दोघा भावंडांना समोरासमोर बसवत. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून जुळवत जायचं. नुसतं वाचायचं नाही. "स्वल्पविराम", "नवा परिच्छेद", "पूर्णविराम" हेही म्हणायचं. आठ वर्षांची धाकटी एखाद्या राजाचं निधन वाचताना "राजाने प्राण सोडला पूर्णविराम" असं इतक्या गंभीरपणे म्हणे की आई आतून हसत बाहेर येई. बाबा हसत नसत. "एकट्याच्या डोळ्यावर कधी भरवसा ठेवू नये," ते म्हणत. "डोळ्याला जे हवं असतं तेच तो वाचतो." आई लवकर गेली. बाबांचं हे वाक्य मात्र घरात राहिलं, आणि धाकटीने ते कामावरही आणलं. कुठलीही यादी पुढे जाण्याआधी ती त्याला समोर बसवायची. "दादा, वाच." आणि तो तेज, रंग, जागा असे आकडे वाचत जायचा आणि ती बोट ठेवून जुळवत जायची. बाकीचे संशोधक दारातून डोकावून हसत. त्याला लाज वाटे. चाळिशीला टेकलेल्या, जरा नाव होऊ लागलेल्या माणसाला धाकट्या बहिणीसमोर पाढे म्हटल्यासारखे आकडे म्हणायची जी लाज वाटेल, ती.

खोटे तारे हे तिचंच खातं होतं. गर्दीत मंद तारे हरवतात. शेजारचा मोठा तारा त्यांना गिळून टाकतो. आपल्या मोजणीतून किती सुटले हे कळायचं कसं? तर चित्राची एक प्रत घ्यायची आणि तिच्यात आपल्या हाताने, माहीत असलेल्या संख्येने, माहीत असलेल्या जागी खोटे तारे पेरायचे, आणि मग जणू काही माहीतच नाही अशा थाटात सगळं पुन्हा मोजायचं. पेरलेल्यांपैकी जितके सापडतात त्यावरून आपली नजर किती पक्की ते समजतं. ही सगळेच करतात अशी रीत आहे, पण धाकटी ती जीव ओतून करायची. तिचे खोटे तारे तिरक्या रांगांत पेरलेले असत, पण एका साच्यातले नसत. ती त्यांच्या रंगात किंचित फरक ठेवी, तेजात चढउतार ठेवी, खऱ्या ताऱ्यांना असते तशी कडेला जराशी धूसर किनार देई. "खोटं म्हणजे काय वाटेल तसं करायचं का?" ती म्हणे. त्या वर्षी तिने चौथ्या चौकटीसाठी तरुण ताऱ्यांची एक पेरणी केली होती. प्रश्न साधा होता. इथे तरुण तारे असते, तर ते आपल्याला दिसले असते का?

मग तो शनिवार. दुसऱ्या एका गटाकडेही ठेंगीची चित्रं होती आणि ते महिन्याभरात छापणार अशी कुणकुण होती. धाकटी तापाने घरी पडून होती. त्याच्या बायकोने सकाळीच विचारलं होतं की आज तरी दुपारचं घरी जेवणार का, आणि त्याने हो म्हटलं होतं. खोलीत तो एकटाच होता. चौथ्या चौकटीच्या पाच-सहा फायली होत्या. त्याने तारखा पाहिल्या आणि सगळ्यांत नवी उचलली, कारण सगळ्यांत नवी म्हणजे सगळ्यांत सुधारलेली, असा त्याचा साधा हिशेब होता. आणि मग ते निळे ठिपके. त्याला अजून आठवत होतं की तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता आणि खोलीत सांगायला कोणीच नव्हतं. त्याने बाबांच्या घरी फोन लावला. धाकटीचा आवाज तापाने जड झाला होता. "बहर आहे, धाकटे, उशिराचा बहर," तो म्हणाला. ती खूश झाली, खरंच झाली, आणि मग म्हणाली, "दादा, चौथीची कुठली फाईल घेतलीस?" "तुझीच, दुसऱ्या कुणाची घेणार?" "तसं नव्हे रे. सोमवारी मी येते, एकदा वाचून घेऊ." "सोमवारी सकाळी पाठवतोय मी. तू झोप." "निदान जागांचा नकाशा तरी काढून बघ," ती म्हणाली. "नुसता रंगांचा आलेख बघू नकोस." तो हो हो म्हणाला. नकाशा काढला असता तर रांगा तेव्हाच दिसल्या असत्या का? कदाचित नसत्या. खऱ्यांच्या गर्दीत खोट्यांची रांग दिसत नाही. पण वाचून घेतलं असतं तर तिच्या लक्षात नक्की आलं असतं. स्वतःच्या हाताने पेरलेलं ती ओळखणार नाही असं झालंच नसतं. पण त्या दिवशी त्याला वाचायचं नव्हतं. चूक सापडेल या भीतीपेक्षाही, दारातून कुणीतरी डोकावेल आणि हसेल, हे त्याला नको होतं. इतकं क्षुद्र कारण. एवढ्याशा लाजेपायी माणूस काय काय करून बसतो.

खालच्या मजल्यावर संगणकाच्या जुन्या चकत्या ठेवायची खोली होती. तिथल्या भांडारबाईंनी नोंदवही पुढे केली. "या कपाटाला हात लावणारे तुम्ही सहा वर्षांत पहिलेच," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, यातलं सगळं केव्हाच मेलंय." चकती चालायला वेळ लागला. फायली वर आल्या, तारखांसह. शेवटची, सगळ्यांत नवी, शनिवारच्या आदल्या गुरुवारची होती. तिच्याच शेजारी तिच्यासोबत ठेवलेली एक चार ओळींची टीप होती. ती त्याने तेव्हा उघडली नव्हती. त्याने ती आता उघडली. 'चौथी चौकट, चाचणीची प्रत. यात २४० खोटे तारे पेरले आहेत, निळे. दादा, ही खऱ्या मोजणीला घ्यायची नाही. खरी प्रत वरच्या खणात आहे. वाचलंस की मला सांग.' तो ती टीप दोनदा वाचून थांबला, आणि त्याला कमालीचं एकटं वाटलं. ताप चढायच्या आधी, बहुधा घरी निघता निघता, तिने ती लिहिली असणार. ती किती विश्वासाने लिहिली होती. 'वाचलंस की मला सांग.' एकोणीस वर्षं ती टीप एका कपाटात त्याने वाचायची वाट बघत पडून होती आणि तो वरच्या मजल्यावर बसून बहरावर व्याख्यानं देत होता.

इथपर्यंतची चूक माणसाची चूक होती. तिला क्षमा असते. नंतरचं जे झालं त्याला काय म्हणायचं, हे मात्र त्याला समजत नव्हतं. तीन वर्षांनी दुसऱ्या गटाने शंका काढली की बाकीच्या तीन चौकटींत तरुण तारे तुरळक आणि चौथीत एवढी दाटी, हे कसं? संस्थेने समिती बसवली. समितीच्या अध्यक्षबाई शांत, बारीक आवाजाच्या होत्या. त्यांनी विचारलं, "चौथी चौकट कोणी मोजली?" टेबलाभोवती सातजण होते. त्याने म्हटलं, "ती माझ्या बहिणीकडे होती. ती तेव्हा शिकाऊच होती." दोन्ही वाक्यं खरी होती. बाबा म्हणाले असते, मजकुराबरहुकूम. बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. बस्स, एवढंच. त्याच्यावर कोणी आवाज चढवला नाही, काही नाही. बहर राहिला, फक्त जरा बारीक झाला. पाठ्यपुस्तकात त्याचा आलेख तळटिपेसह छापला गेला. तळटिपेत धाकटीची चूक होती आणि आलेखावर त्याचं नाव. धाकटीची पुढच्या तीन वर्षांची जागा मात्र गेली. जाण्याआधी ती दोन आठवडे रोज येऊन चौथी चौकट पुन्हा पुन्हा मोजत बसली. "दादा, मला इतके निघतच नाहीत," ती म्हणाली. "कसंही मोजलं तरी चौदा-पंधराच निघतात." ती अर्थातच खरी प्रत मोजत होती. तिचं मोजणं बिनचूक होतं. तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा चुकलीस आणि आता बरोबर करते आहेस." त्याने हे मायेनेच म्हटलं होतं, तिला धीर यावा म्हणून. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला ते पटलं. डोळ्यांदेखत तिला ते पटताना त्याने पाहिलं.

त्या संध्याकाळी बाबांच्या घरी तो, धाकटी आणि बाबा असे तिघं जेवायला बसले होते. धाकटीने बाबांना सांगितलं की जागा गेली आणि का गेली. बाबांनी घास खाली ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ज्याच्या हातून चूक सुटते त्याने दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, बाळ. त्याने आपलं छोटंसं काम बघावं आणि ते दोनदा बघावं." एवढं बोलून ते परत जेवू लागले. तोही जेवत होता. भूक होती, हेच त्याला आजवर छळत आलं होतं. त्याला चांगली भूक होती आणि त्याने मागून घेऊन जेवण केलं होतं. धाकटीने बाबांचं ऐकलं. वर्षभरात तिने एका मोठ्या इस्पितळाच्या रक्ततपासणीत काम धरलं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजायच्या. आता हे यंत्र करतं, पण यंत्राला शंका आली की काचपट्टी तिच्याकडे येते. तिथे तिला सगळे दुबारबाई म्हणतात, कारण ती प्रत्येक मोजणी दोनदा करते, आणि दुसरी पहिलीशी जुळली नाही तर तिसऱ्यांदा. तिने लग्न केलं नाही. त्याचा याच्याशी संबंध होता असं कोणी म्हटलं नाही, नव्हता असंही कोणी म्हटलं नाही. बाबांची शेवटची दोन वर्षं तिच्याच घरी गेली. तो रविवारी जायचा.

जेवणाच्या सुट्टीत टोपी पुन्हा आला. "माझी गफलत नव्हती रे," तो म्हणाला, आता जरा हळू आवाजात. "मी पुन्हा करून पाहिलं. ते तारे तिथे नाहीतच. कधीच नव्हते." तो खुर्ची ओढून बसला. टोपी माणूस चांगला होता. कोणाच्या जखमेवर मीठ चोळायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. "तू मनाला लावून घेऊ नकोस. चौथी चौकट म्हणजे तुझ्या बहिणीचीच ना? तळटीप आहेच. तीत दोन ओळी वाढवू. बहर फारसा नव्हता असं म्हणू. विषय संपला." खरंच संपला असता. कोणाला धक्का बसला नसता, कोणाचं काही नवं बिघडलं नसतं. ज्याचं बिघडायचं त्याचं सोळा वर्षांपूर्वीच बिघडून झालं होतं. आणि त्याची निवृत्ती चौदा महिन्यांवर होती. तो टोपीच्या टोपीकडे बघत राहिला. तिच्या कडेचा एक धागा सुटला होता. मग त्याने स्वतःचा आवाज ऐकला, "ती चाचणीची प्रत होती. मी चुकीची उचलली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी आज लिहून देतोय सगळं, पण आधी तिला सांगू दे." टोपीने खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाला, "तिला अजून माहीत नाही?" त्याने मान हलवली. "अरे देवा," टोपी म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरून बसला.

बसमध्ये त्याला उभं राहावं लागलं. त्याने मनात वाक्यं जुळवली. 'धाकटे, एक गोष्ट सांगायची आहे.' हे फार नाटकी. 'तुला आनंद होईल असं काहीतरी आहे.' हे तर निर्लज्जपणाचं. तिला आनंद होईल का, याचा तो खरंच विचार करत होता, आणि आपल्याला तिच्या आनंदाची आशा वाटते आहे, म्हणजे अजूनही आपल्यालाच काहीतरी मिळवायचं आहे, हे त्याच्या लक्षात आलं. इस्पितळाच्या मागच्या बाजूला तिची खोली होती. पांढऱ्या फरशा, स्पिरिटचा वास, खिडकीत वाळत ठेवलेल्या काचपट्ट्या. ती सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती आणि डाव्या हातातल्या मोजयंत्राचा खटका दाबत होती. केस पुष्कळच पिकले होते. त्याच्या चाहुलीने तिने मान न उचलता दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. थांब. तो थांबला. मोजणी संपल्यावर तिने आकडा लिहिला, काचपट्टी पुन्हा पहिल्या जागी आणली, आणि मगच वर पाहिलं.

"दादा? तू इथे कसा? घरी बरं आहे ना सगळं?"

"घरी ठीक आहे." तो समोरच्या स्टुलावर बसला, आणि जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच विसरला. "चौथ्या चौकटीची मी चाचणीची प्रत घेतली होती. खोट्या ताऱ्यांची. त्या शनिवारी. तू लिहून ठेवलं होतंस, मी वाचलं नाही. बहर म्हणजे तुझे पेरलेले तारे होते. तुझी मोजणी बरोबर होती, धाकटे. तेव्हाही आणि नंतरही."

बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. धाकटीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"किती धरलेस तू तरुण म्हणून?" तिने विचारलं.

"दोनशे शेहेचाळीस."

"त्यातले पंधरा खरे. म्हणजे माझे दोनशे एकतीस." तिने क्षणभर डोळे मिटले. "दोनशे चाळीस पेरले होते मी. नऊच सुटले. चांगली होती की रे मोजणी." आणि ती हसली. ते हसू जुनं होतं, दुसऱ्या टेबलावरचं, आणि ते पाहून त्याला रडू आवरेना. साठीला आलेला माणूस, स्टुलावर बसून, हातरुमाल सापडत नाही म्हणून बाहीने डोळे पुसत राहिला. ती उठली नाही. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ती आपली बघत होती.

"मी आजच लिहून देतो," तो म्हणाला. "संस्थेला, त्या पुस्तकवाल्यांना, सगळ्यांना. तळटीप काढून टाकायला सांगतो. सगळ्यांना कळेल."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. "मला तिथे आता कोण ओळखतं, दादा?"

तिने समोरचा कागद सरळ केला. मग पुन्हा सरळ केला.

"ज्यांना कळायला हवं होतं ते गेले," ती म्हणाली. "बाबा माझ्या हातच्या गोळ्या मोजून घ्यायचे, तुला माहितीये ना? सकाळच्या सहा, रात्रीच्या चार. मी तळहातावर ठेवायचे आणि ते एकेक बाजूला सारून मोजायचे. दोन वर्षं. मी इथे दिवसभर लोकांचं रक्त मोजायचे आणि घरी जाऊन तो हात पुढे करायचे. मला वाईट नाही वाटायचं. मला वाटायचं, बरोबरच आहे त्यांचं. माझ्यावर कोण भरवसा ठेवील?"

"धाकटे..."

"आणि शेवटी त्यांचे हात थरथरायला लागले, गोळ्या खाली पडायला लागल्या. तेव्हा रविवारी ते तुला सांगायचे. तू मोजून द्यायचास. मी अशी उभी राहायचे, हात पुढे करून, आणि तू मोजायचास. आठवतं?"

त्याला आठवत होतं. रविवारची सकाळ, बाबांची खाट, धाकटीचा स्थिर तळहात आणि त्यावरून फिरणारं आपलं बोट. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. एकदाही एक कमी किंवा एक जास्त निघाली नव्हती.